रिपोर्ट चांगला आला. आता गोळी कशाला?

आमच्या सोलापूरच्या शेंगाचटणीला उगाच दोष देतात. शेंगदाण्यात कोलेस्टेरॉल मुळी नसतेच! (मीठ तेवढे बेताने.) रक्तातले बहुतेक कोलेस्टेरॉल आपले शरीरच तयार करते, आणि त्यात यकृताचा वाटा मोठा. या कारखान्याला लगाम घालणारे द्रव्य जपानच्या अकिरा एन्डो यांना १९७३ साली चक्क बुरशीत सापडले. १९८७ मध्ये अमेरिकेत स्टॅटिनची पहिली गोळी विक्रीस आली.

गोळी सुरू होते, रिपोर्ट सुधारतो, आणि घरचे कर्ते पुरुष म्हणतात, "आता गोळी कशाला?" अहो, रिपोर्ट सुधारला तो गोळीमुळेच! ती थांबली की कोलेस्टेरॉल पुन्हा चढते आणि हृदयाच्या धमन्यांत साचू लागते. दुखत नाही, खुपत नाही. झटका येऊन गेलेल्यांना हे फार महागात पडते. त्यांचे एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ५५ च्या आत असावे, असे भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०२४ साली सांगितले.

गोळ्यांनी ते तेथवर उतरले नाही, तर जोडीला इन्क्लिसिरानचे इंजेक्शन आता आपल्याकडेही मिळते. पहिले दोन डोस तीन महिन्यांच्या अंतराने, पुढे सहा महिन्यांतून एकदा. विसराळूंची सोय झाली खरी. पण त्याच्या किमतीपुढे स्टॅटिनची गोळी म्हणजे चणेफुटाणेच. गोळीने अंग दुखू लागले, तर डॉक्टरांना सांगून ती बदलून घेता येते.