घरच्या शाळेत थकते कोण?

होमस्कूलिंगबद्दल, म्हणजे मुलांना घरीच शिकवण्याबद्दल, वाचायला लागल्यापासून मी रेमंड आणि डोरोथी मूर या अमेरिकन जोडप्याच्या प्रेमातच पडलोय! दोघं शिक्षक, सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचे ख्रिस्ती. 1975 साली त्यांचं ‘बेटर लेट दॅन अर्ली’ हे पुस्तक आलं. मुलांना औपचारिक अभ्यासाला जुंपायची घाई नको, 8 ते 10 वर्षांपर्यंत थांबलात तरी चालेल, असं त्यांचं म्हणणं. पुढे ख्रिस्ती मानसशास्त्रज्ञ जेम्स डॉबसन यांच्या रेडिओ कार्यक्रमातून हा विचार असंख्य ख्रिस्ती घरांत पोचला.

पण मला खरी गंमत वाटते ती त्यांच्या 1988 च्या पुस्तकाची. नाव ‘होम स्कूल बर्नआउट’. होमस्कूलिंगची चळवळ भरात असताना तिच्याच पुढाऱ्यांनी आयांच्या थकव्यावर पुस्तक लिहावं! कारणही त्यांनी नेमकं पकडलं: घर म्हणजे शाळेची नक्कल. तीच घंटा, तीच वर्कबुकं, आणि आई एकटीच मुख्याध्यापिका, शिक्षिका, स्वयंपाकीण. श्रद्धाळू घरात त्यावर आणखी एक ओझं असतं. हे काम देवाने सोपवलंय, मग ‘मी दमले’ म्हणायचं कसं?

मूर दांपत्याचा उतारा साधा होता. थोडा अभ्यास, हातांना काम, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची सेवा. शिवाय ॲडव्हेंटिस्ट घरांत शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत शब्बाथ, म्हणजे विसावा, पाळतात. आठवड्याची हक्काची सुट्टी, तीही धर्मानेच दिलेली. (आपल्याकडे मात्र ‘एकादशी, दुप्पट खाशी’, म्हणजे स्वयंपाकघरात कामही दुप्पट!)