पदार्थविज्ञानाचे अध्यापन आणि पातळ थरांचे संशोधन : कोल्हापूर परिसराच्या संदर्भात

विद्यापीठीय पदार्थविज्ञान शिक्षकाचे अध्यापन व संशोधन ही दोन कामे परस्परांपासून दूर जात असल्याची तक्रार प्राध्यापकवर्गात वारंवार ऐकू येते. कोल्हापुरात रुजलेल्या एका संशोधनपद्धतीच्या आधारे हे अंतर कसे कमी करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्यास १६ तास प्रत्यक्ष अध्यापन करावे, असे अपेक्षित आहे. त्याच नियमावलीत पदोन्नतीसाठी शोधनिबंधांना गुण आहेत. प्रयोगशाळेत विद्यार्थ्याजवळ उभे राहून त्याची चूक शोधण्याला मात्र वेगळे गुण नाहीत. साहजिकच प्रात्यक्षिकाचा तास उरकण्याकडे कल होतो.

१९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठात पातळ थरांच्या रासायनिक निर्मितीचे काम पुढे आले. उच्च निर्वात यंत्रणा महाग असते. बीकर, तापनपट्टी आणि काचपट्टी मात्र कोणत्याही महाविद्यालयात मिळते. येथील पी. एस. पाटील यांचा फवारा-तापविघटन पद्धतीवरील आढावा १९९९ मध्ये, तर आर. एस. माने व सी. डी. लोखंडे यांचा रासायनिक निक्षेपणावरील आढावा २००० मध्ये प्रसिद्ध झाला. लोखंडे यांच्या कार्याचा पुढील टप्पा कसबा बावडा येथील डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठात घडला.

कॅडमियम सल्फाइडचे उदाहरण घेऊ. कॅडमियमच्या क्षाराच्या द्रावणात अमोनिया घातल्यास कॅडमियमचे आयन संकुलात बांधले जातात व थोडे थोडेच मुक्त होतात. थायोयुरिआपासून सल्फाइड आयनही सावकाश निर्माण होतात. आयनांचा गुणाकार विद्राव्यता गुणाकारापेक्षा किंचित वाढला की द्रावणात उभ्या ठेवलेल्या काचेवर पिवळा थर बसू लागतो. अमोनिया कमी पडल्यास सारे काही एकदम अवक्षेपित होऊन तळाशी गाळ साचतो आणि काच जवळजवळ कोरीच राहते. बारावीत पाठ केलेला विद्राव्यता गुणाकार विद्यार्थ्याला येथे डोळ्यांनी दिसतो.

खरी गंमत मापनात आहे. एका बाजूचा थर पुसून काच वजन करावी. थराचे क्षेत्रफळ ५ चौ. सेंमी. आणि वस्तुमानातील वाढ १ मिलिग्रॅम असेल, तर ४.८२ ग्रॅम प्रति घन सेंमी. ही घनता धरून जाडी सुमारे ०.४१ मायक्रोमीटर येते. परंतु तराजूचे लघुत्तम माप ०.१ मिलिग्रॅम असल्यास एवढ्यानेच दहा टक्के अनिश्चितता आली! शिवाय थर सच्छिद्र असतो. घन पदार्थाची घनता वापरल्याने जाडी प्रत्यक्षापेक्षा कमी निघते. त्रुटींचे प्रकरण फळ्यावर तासभर शिकवण्यापेक्षा हे एक वजन अधिक उपयोगी ठरते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. रंगाचे कारणही येथेच सापडते. ऊर्जा-अंतर २.४२ इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे सुमारे ५१२ नॅनोमीटर. त्यापेक्षा कमी तरंगलांबीचा निळा-जांभळा प्रकाश शोषला जातो व थर पिवळा दिसतो.

या प्रयोगास स्वतंत्र अनुदान लागत नाही, शिक्षकाचा वेळ लागतो. संशोधक विद्यार्थ्याने पदवीच्या तुकडीसोबत आठवड्यातून एक दुपार घालवल्यास तो भारही वाटला जाईल.

एक बाब मात्र गौण मानता येणार नाही. कॅडमियम विषारी आहे, आणि कसबा बावडा पंचगंगेच्या काठी वसलेले आहे. उरलेले द्रावण मोरीत न ओतता वेगळ्या बाटलीत साठवून अधिकृत विल्हेवाटीस देणे, हा प्रात्यक्षिकाचाच भाग समजावा व जर्नलमध्ये त्याची नोंद घ्यावी. जस्ताचे सल्फाइड वापरल्यास धोका पुष्कळ कमी होतो. पण त्याचे ऊर्जा-अंतर सुमारे ३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट असल्याने थराला रंग राहत नाही आणि अतिनील भागात मापन करणारा वर्णपटमापी जवळ असावा लागतो.