जुन्या फिल्मपासून गर्बर फाइलपर्यंत

संगणकावर आखणी सुरू होण्याआधी सर्किट बोर्डाचा आराखडा हाताने तयार होत असे. पारदर्शक पॉलिएस्टर शीटवर काळ्या चिकटपट्टीचे ट्रॅक आणि गोल स्टिकरचे पॅड चिकटवले जात. आराखडा बहुधा दुप्पट किंवा चौपट मापाचा असे. कॅमेऱ्याने तो लहान केला की हातून झालेली चूकही तेवढीच लहान होई. त्यातून निघालेली फिल्म बोर्ड छापायला वापरत. आजचे कारखाने गर्बर फाइल, म्हणजे बोर्डाच्या आराखड्याची संगणकीय फाइल, मागतात. जुन्या यंत्राचा सुटा बोर्ड पुन्हा बनवायचा असेल, तर हाती असलेल्या फिल्मचे रूपांतर करावे लागते.

पहिले काम स्कॅनिंगचे. फिल्म नीट पुसून, खालून प्रकाश देऊन स्कॅन केली तर कडा स्वच्छ येतात. १२०० डीपीआयला एक ठिपका सुमारे ०.०२१ मिलिमीटरचा पडतो. त्या काळची बरीचशी आखणी ०.१ इंचाच्या जाळीवर होत असे, त्यामुळे मापाची खूण फिल्ममध्येच सापडते. एकमेकांपासून १० इंचांवर असलेल्या दोन पॅडच्या केंद्रांमध्ये १२,००० ठिपके भरायला हवेत. १२,०२४ भरले, तर प्रतिमा ०.२ टक्क्याने ताणलेली आहे. स्कॅनरचा दिवा सरकतो त्या दिशेची चूक आडव्या दिशेपेक्षा वेगळी असू शकते, म्हणून दोन्ही दिशा स्वतंत्रपणे दुरुस्त कराव्या लागतात. पॉलिएस्टरही उष्णतेने आणि दमटपणाने किंचित फुगते.

खरी मेहनत यापुढे असते. सॉफ्टवेअर काळ्या भागांच्या कडा शोधून क्षणात रेषा काढून देते, पण तेवढ्यावर थांबणे चुकीचे. त्या फाइलमध्ये पॅड म्हणजे शेकडो बारीक तुकड्यांनी बनलेला वेडावाकडा आकार असतो; त्याला ना केंद्र, ना ठरावीक व्यास. त्याच्या जागी ठरावीक मापाचा खराखुरा गोल पॅड आणि ट्रॅकच्या जागी ठरावीक रुंदीची रेष बसवली, तरच बोर्डात पुढे बदल करता येतात. भोकांची ड्रिल फाइलही पॅडच्या केंद्रांवरूनच तयार होते. भोकांचे व्यास मात्र ड्रिलच्या तक्त्यावरून किंवा जुन्या बोर्डावरून घ्यावे लागतात.

दोन बाजूंच्या बोर्डात एक फिल्म उलटी धरून स्कॅन झाली, तर सगळी जोडणी आरशातली होते. फिल्मवरील अक्षरे आणि कोपऱ्यांतल्या जुळणीच्या खुणा पाहून ही चूक पकडता येते. शेवटी नव्या फाइलमधून जोडण्यांची यादी काढून ती सर्किटच्या आकृतीशी ताडतात. आकृती हरवली असेल, तर जुन्या बोर्डावर मल्टिमीटर लावून एकेक जोडणी तपासावी लागते.