पॉल रोबसन : भूमिका, गीत आणि नटाचे स्वातंत्र्य

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकन रंगभूमीवर कृष्णवर्णीय नटाच्या वाट्याला बहुधा नोकर, हमाल किंवा विदूषक अशाच भूमिका येत. त्या काळात पॉल रोबसन (१८९८-१९७६) यांनी नाटक, संगीतिका आणि मैफल या तिन्ही क्षेत्रांत जागतिक कीर्ती मिळविली. लेखकाने लिहिलेल्या भूमिकेचा अर्थ नट कितपत बदलू शकतो आणि त्यासाठी त्याला कोणती किंमत मोजावी लागते, याचा विचार प्रस्तुत लेखात 'शो बोट' व 'ऑथेल्लो' यांच्या आधारे केला आहे.

रंगभूमीवरील प्रवेश

रोबसन यांचा जन्म न्यू जर्सीतील प्रिन्स्टन येथे झाला. त्यांचे वडील गुलामगिरीतून पळून आलेले व पुढे धर्मोपदेशक झालेले गृहस्थ होते. रोबसन यांनी १९२३ मध्ये कोलंबिया विद्यापीठाची कायद्याची पदवी घेतली; परंतु वर्णभेदामुळे वकिलीत भवितव्य नाही हे ओळखून ते रंगभूमीकडे वळले. १९२४ मध्ये युजीन ओ'नील यांच्या 'ऑल गॉड्स चिलन गॉट विंग्ज' आणि 'द एम्परर जोन्स' या नाटकांतील भूमिकांनी त्यांच्याकडे लक्ष वेधले गेले.

'शो बोट' : एका गीताचे परिवर्तन

जेरोम कर्न यांचे संगीत आणि ऑस्कर हॅमरस्टाइन यांची गीते लाभलेली 'शो बोट' ही संगीतिका १९२७ मध्ये न्यूयॉर्क येथे रंगमंचावर आली. तीतील जो हा मिसिसिपी नदीकाठचा कृष्णवर्णीय कामगार. ही भूमिका रोबसन यांनी १९२८ मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात व १९३२ मध्ये ब्रॉडवेवर केली. 'ओल मॅन रिव्हर' हे जोचे गीत त्यांची ओळख बनले. मूळ गीतातील कामगार थकलेला, जगण्याला कंटाळलेला आणि मरणाला भिणारा आहे. नदी मात्र त्याच्या दुःखाची दखल न घेता वाहत राहते. पुढे मैफलींत गाताना रोबसन यांनी त्यातील अवमानकारक शब्द गाळले आणि शेवटच्या ओळी बदलून मरेपर्यंत झुंजण्याचा निर्धार त्यांत आणला. चाल तीच राहिली, परंतु गाणारा माणूस बदलला.

'ऑथेल्लो' : नायकपदाचा अधिकार

लंडनमध्ये १९३० साली त्यांनी पेगी ॲशक्रॉफ्ट यांच्यासमवेत ऑथेल्लो साकारला. अमेरिकेत गोऱ्या नटीसमोर कृष्णवर्णीय नट प्रेमी व पती म्हणून उभा राहणे त्या वेळी अनेकांना असह्य होते. म्हणून ब्रॉडवेवर हे नाटक येण्यास १९४३ साल उजाडले. मार्गारेट वेब्स्टर यांनी दिग्दर्शित केलेल्या या नाटकात उटा हेगन डेस्डेमोना, तर होजे फेरर इयागो होते. त्याचे २९६ प्रयोग झाले. ब्रॉडवेवरील शेक्सपियरच्या नाटकांत हा उच्चांक ठरला. नंतरच्या दौऱ्यात, प्रेक्षकांना वर्णानुसार वेगळे बसविणाऱ्या नाट्यगृहांत प्रयोग करण्यास रोबसन यांनी नकार दिला.

मोजलेली किंमत

वर्णभेदाविरुद्धची भूमिका व सोव्हिएत संघाविषयीची सहानुभूती यांमुळे शीतयुद्धकाळात ते संशयास्पद ठरले. सोव्हिएत राजवटीतील अत्याचारांविषयी त्यांनी जाहीर मौन बाळगले, ही टीकाही त्यांच्यावर होते व ती निराधार नाही. १९४९ मध्ये पीकस्किल येथे त्यांच्या मैफलीनिमित्त जमलेल्या श्रोत्यांवर हल्ले झाले. १९५० मध्ये सरकारने पारपत्र रद्द केले. देशात सभागृहे मिळेनात आणि परदेशी जाता येईना, अशी कोंडी झाली. १९५७ मध्ये दूरध्वनीच्या तारेवरून त्यांनी लंडन व वेल्समधील श्रोत्यांसाठी गायन केले. १९५८ मध्ये त्यांचा साठावा वाढदिवस भारतातही साजरा झाला आणि पंडित नेहरूंनी त्यांचा जाहीर गौरव केला. त्याच वर्षी पारपत्र परत मिळाले व १९५९ मध्ये स्ट्रॅटफर्ड येथे ते पुन्हा ऑथेल्लो झाले. तथापि उमेदीची वर्षे निघून गेली होती.

समारोप

रोबसन यांच्या कारकिर्दीवरून असे दिसते की, भूमिका लेखक घडवितो, तरी तिचा सामाजिक अर्थ नटाच्या उच्चारातून व नकारातूनही घडत असतो. जोचे गीत बदलणारा आणि विभक्त आसनव्यवस्था नाकारणारा नट एकच होता. म्हणून त्यांच्या अभिनयाचे मूल्यमापन त्यांच्या नागरिक म्हणून घेतलेल्या निर्णयांपासून वेगळे करता येत नाही.