दोन आवाजांचा सांधा

तुळजापूरच्या वाटेवरील गावांत ज्यांनी रात्र जागून गोंधळ ऐकला आहे, त्यांना एक गोष्ट मुद्दाम सांगावी लागत नाही. मुख्य गोंधळ्याचे पद संपत येते, त्याचा आवाज किंचित उतरतो, आणि शेवटचा शब्द कानात आहे तोच साथीदार तो उचलून धरतात. मध्ये पोकळी राहत नाही, आणि दोघांचा गलकाही होत नाही. पहिला केव्हा संपला व दुसरा केव्हा सुरू झाला हे ऐकणाऱ्याला नेमके सांगता येत नाही. यंत्राच्या साहाय्याने हेच साधण्याच्या क्रियेला ध्वनिमुद्रक ‘क्रॉसफेड’ म्हणतात. आम्ही येथे त्याला आवाजांचा सांधा म्हणू.

धाराशिवसारख्या जिल्ह्यात हा सांधा कितीतरी ठिकाणी लागतो. आकाशवाणीवर एक गीत मावळून दुसरे उगवते तेथे तो असतो, शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या ध्वनिफितीत असतो, नवरात्रातील मंडपात असतो. टेपच्या काळात दोन यंत्रे समोर ठेवून वाकबगार माणूस एका हाताने एक बटण उतरवी व दुसऱ्या हाताने दुसरे चढवी. निर्णय त्याच्या कानाचा असे. आज तेच काम संगणक करतो, आणि कोणताही हौशी तरुण ते घरी बसून करू शकतो. परंतु संगणकाला कान नाही. तो माणसाला प्रश्न विचारतो आणि उत्तराप्रमाणे वागतो. म्हणून प्रश्न कसा विचारला आहे, म्हणजेच पडद्यावरील नियंत्रणे कशी मांडली आहेत, यावर सारे अवलंबून राहते. आमचे म्हणणे एवढेच की, नियंत्रणाने यंत्राच्या पोटातील गणिताची भाषा बोलू नये. ऐकणाऱ्याच्या कानाची आणि करणाऱ्याच्या हेतूची बोलावी.

वरवर पाहता यात कठीण काय आहे? पहिला आवाज सारख्या गतीने शंभरावरून शून्यावर न्यावा, दुसरा शून्यावरून शंभरावर आणावा. मधोमध दोघेही पन्नास, म्हणजे बेरीज शंभरच! कागदावर हिशेब चोख बसतो, पण कानाला मात्र मध्येच आवाज बसल्यासारखा वाटतो. याचे कारण असे की, दोन निराळ्या गीतांच्या ध्वनिलहरी एकमेकींशी बांधलेल्या नसतात. कधी एकीच्या उंचवट्यावर दुसरीचा उंचवटा येतो, तर कधी उंचवट्यावर खळगा येतो. अशा वेळी लहरींच्या उंचीची बेरीज करून भागत नाही, त्यांच्या शक्तीची करावी लागते, आणि शक्ती ही उंचीच्या वर्गाप्रमाणे बदलते. उंची निम्मी केली की शक्ती एक चतुर्थांश उरते. दोन चतुर्थांश मिळून अर्धे. म्हणजे सांध्याच्या मध्यभागी शक्ती निम्म्यावर, ध्वनिशास्त्राच्या मापात तीन डेसिबलांनी, खाली येते. हा खड्डा टाळायचा तर मध्यबिंदूवर प्रत्येक आवाजाची उंची पन्नास टक्के न ठेवता सुमारे एकाहत्तर टक्के ठेवावी लागते. एकाहत्तर शतांशांचा वर्ग अर्ध्याच्या जवळ येतो, आणि दोन अर्धे मिळून पूर्ण एक होतो.

मग हाच नियम सर्वत्र लावावा काय? नाही. समजा, एका जुन्या कीर्तनाच्या ध्वनिमुद्रणाच्या दोन प्रती आहेत, एक मूळची आणि एक खरखर काढलेली. काही भाग मूळ प्रतीतून घ्यायचा व पुढे हळूच दुसरीवर जायचे आहे. येथे दोन्ही लहरी तंतोतंत जुळलेल्या असतात. उंचवट्यावर उंचवटाच येतो. आता एकाहत्तराचा नियम लावला तर मध्यभागी बेरीज एकशे बेचाळीसच्या घरात जाते, आणि कीर्तनकार मध्येच विनाकारण ओरडल्यासारखा वाटतो. येथे पहिला, साधा पन्नास-पन्नासचा नियमच योग्य. सारांश, दोन्ही नियम खरे आहेत. कोणता केव्हा लावायचा हे आवाजांच्या नात्यावर ठरते.

ऑडॅसिटी नावाची ध्वनिसंपादनाची एक विनामूल्य प्रणाली २००० साली प्रसिद्ध झाली व जगभर पसरली. तिच्या तिसऱ्या मालिकेतील आवृत्त्यांत दोन पट्ट्यांचा सांधा करण्याची जी सोय आहे, तीत हे दोन नियम ‘कॉन्स्टंट गेन’ आणि ‘कॉन्स्टंट पॉवर’ या नावांनी दिले आहेत. शिवाय हवी तशी वक्ररेषा निवडण्याची एक सरकपट्टी आहे. अभियंत्याला ही नावे अगदी अचूक वाटतील. पण स्नेहसंमेलनाची फीत जोडणाऱ्या शिक्षकाने काय करावे? त्याला ‘पॉवर’ स्थिर ठेवायची आहे की ‘गेन’, हे तो कसे जाणणार? या शब्दांचे ‘स्थिर शक्ती’, ‘स्थिर वृद्धी’ असे मराठी भाषांतर केल्यानेही त्याचे अडाणीपण कमी होत नाही, उलट त्याला संस्कृतचे वजन येते. आपल्याजवळ दोन वेगळी गीते आहेत की एकाच मुद्रणाच्या दोन प्रती, हे मात्र त्याला पक्के ठाऊक असते. तेव्हा प्रश्न तोच विचारावा. ‘दोन निराळे आवाज’ आणि ‘एकाच आवाजाच्या दोन प्रती’ असे दोन पर्याय लिहावेत, पहिला आधीच निवडून ठेवावा, आणि वक्ररेषेची पट्टी हौशी जाणकारांसाठी मागच्या खोलीत ठेवावी.

त्याच प्रणालीतील एक गोष्ट मात्र वाखाणण्याजोगी आहे. कोणता आवाज उतरवायचा व कोणता चढवायचा, हे ती तुकड्यांच्या जागेवरून आपणच ओळखू शकते. जे यंत्राला दिसते ते माणसाला विचारू नये, हा नियंत्रणशास्त्रातला मोठा धडा आहे.

दुसरा घोटाळा वेळेचा. पडद्यावर ‘कालावधी : ६ सेकंद’ असे लिहिलेले असते. हे सहा सेकंद कशाचे? दोन्ही आवाज एकमेकांवर असण्याचे, की प्रत्येकाच्या उतरण्या-चढण्याचे वेगवेगळे? यात नुसता शब्दच्छल नाही. चार-चार मिनिटांची दोन गीते सहा सेकंद एकमेकांवर आली, तर आठ मिनिटे होत नाहीत, सात मिनिटे चोपन्न सेकंद होतात. दहा गीतांना नऊ सांधे, म्हणजे कार्यक्रम चोपन्न सेकंदांनी आखूड होतो. ज्याला ठरल्या मिनिटाला बातम्यांकडे वळायचे आहे, त्याच्या दृष्टीने ही चोपन्न सेकंदांची शांतता लाजिरवाणी ठरते. म्हणून ‘दोन्ही आवाज एकत्र : ६ सेकंद’ असे स्वच्छ लिहावे आणि त्याखाली ‘एकूण लांबी’ लगेच दाखवावी. पट्टी शून्यावर नेली की सांधा नाही, गीते सरळ एकामागून एक, हेही शब्दांत लिहिलेले असावे.

आता सर्वांत महत्त्वाची बाब. संगीतातून संगीतात जाणे निराळे आणि संगीत थांबवून लोकांना सूचना देणे निराळे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा भूकंप लातूर व धाराशिव हे जिल्हे विसरलेले नाहीत. सास्तूरसारखी गावे त्यात उद्ध्वस्त झाली. कोणतेही बटण भूकंप थांबवीत नाही, पण संकटानंतर पाणी कोठे मिळेल, जखमींना कोठे न्यावे, कोणत्या भिंतीजवळ जाऊ नये, हे शब्द लोकांच्या कानी पडावे लागतात. यात्रेतील गर्दीतही अशी वेळ येऊ शकते. त्या क्षणी गीत सहा सेकंद सावकाश मावळत बसले, तर सूचनेचे पहिले वाक्य त्याखाली बुडते, आणि पहिल्या वाक्यातच बहुधा गावाचे नाव असते! म्हणून सूचनेसाठी स्वतंत्र, मोठी कळ असावी. ती दाबताच संगीत पूर्ण बंद व्हावे, आणि माणसाने पुन्हा हात लावल्याखेरीज सुरू होऊ नये. ती सांध्याच्या पट्टीजवळ ठेवू नये. घाबरलेला हात बारकावे पाहत नाही.

नियंत्रण चांगले आहे की नाही याची परीक्षा सोपी आहे. ते ज्याने घडवले त्याला दूर बसवावे आणि ज्याने ते कधी पाहिलेले नाही अशा माणसाला दोन गीते जोडायला सांगावीत. त्याने काय केले यापेक्षा कोठे थांबून विचार केला, ते टिपून घ्यावे. जेथे तो थांबला तेथे शब्द बदलायला हवा. नंतर त्याला एकदम सूचना द्यायला सांगावी. यावेळी मात्र त्याला मुळीच थांबावे लागू नये.