रेडिएटर वरून थंड, खालून गरम

चाळीसगावच्या एका वाचकांनी प्रश्न पाठवलाय. त्यांची लेक इंग्लंडात राहते. तिच्या खोलीतल्या, गरम पाण्याने खोली उबदार ठेवणाऱ्या रेडिएटरला खाली हात लावला तर चटका बसतो आणि वरची वीतभर पट्टी गारच राहते. ‘गरम पाणी वर चढतं ना, मग वरचाच भाग थंड कसा?’ असं ते विचारतात. प्रश्न मला फार आवडला, कारण त्यामागचा तर्क बिनचूक आहे. तिथे पाणी असतं तर वरचा भागच आधी तापला असता. वर पाणीच नाही, वायू अडकलाय.

या रेडिएटरना बहुधा एका कोपऱ्यात खालून पाणी येतं आणि दुसऱ्या कोपऱ्यात खालूनच परत जातं. वर वायू साठला की पाणी तळातून सरळ पलीकडे निघून जातं. पण नळ्या चहूबाजूंनी बंद असताना वायू येतो कुठून? पहिला उगम पाण्यातच आहे. थंड पाण्यात विरघळलेली हवा पाणी तापताना बाहेर पडते. पातेल्यात पाणी उकळायच्या बरंच आधी कडेला बुडबुडे धरतात, ते हेच. वायू किती विरघळेल हे दाबावर ठरतं, हा नियम विल्यम हेन्रीने १८०३ साली मांडला. घराच्या वरच्या मजल्यावर दाब कमी, म्हणून तिथल्या रेडिएटरमध्ये वायू आधी साठतो.

पुढची गोष्ट मला अधिक रंजक वाटते. बाहेर पडलेल्या हवेतला प्राणवायू आतलं लोखंड गंजवण्यात संपतो. प्राणवायू संपला तरी लोखंड आणि पाणी यांचं काम चालूच राहतं: आधी लोहाचं हायड्रॉक्साइड बनतं, मग त्याचं काळं मॅग्नेटाइट होतं आणि हायड्रोजन सुटतो. या क्रियेला गेरहार्ड शिकोर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचं नाव आहे. म्हणजे वर अडकलेला वायू नुसती हवा नसतो. त्यात नायट्रोजन असतो आणि जळणारा हायड्रोजनही असू शकतो. वायू सोडताना जवळ काडी किंवा मेणबत्ती पेटवू नये, ते यासाठी.

सोडणं सोपं आहे. आधी हीटिंग बंद करून रेडिएटर थोडा निवू द्यायचा. वरच्या टोकाला चौकोनी डोक्याचा छोटा स्क्रू असतो. खाली फडकं धरून किल्लीने तो पाव फेरा सैल करायचा. फुस्स आवाज येतो. वायू संपून पाण्याची धार लागली की लगेच आवळायचा. मग पाणी तापवणाऱ्या बॉयलरवरचा दाबाचा काटा पाहायचा. यंत्रणा थंड असताना तो साधारण १ ते १.५ बारच्या दरम्यान हवा. कमी असेल तर पाणी भरावं लागतं. पण दर महिन्याला भरावं लागत असेल, तर कुठेतरी गळती आहे. प्रत्येक वेळी नवं पाणी, त्यासोबत नवा प्राणवायू आणि नवा गंज. गळती शोधल्याशिवाय हे चक्र थांबत नाही.

थंडी कुठे आहे, त्यावर दोष ओळखता येतो. तळाचा मधला भाग थंड असेल, तर त्याच मॅग्नेटाइटचा काळा गाळ तिथे बसलाय. तो चुंबकाला चिकटतो, म्हणून नव्या घरांत परतीच्या नळीवर चुंबकाचा फिल्टर बसवतात. एकच रेडिएटर अख्खा थंड असेल, तर खोलीच्या उष्णतेनुसार पाणी रोखणाऱ्या झडपेची पिन उन्हाळाभर न हलल्यामुळे खाली अडकून बसलेली असते. आणि बॉयलरजवळचे सगळे गरम, शेवटचा मात्र थंड, असं दिसलं तर ते चाळीसगाव तालुक्याला समजावून सांगायला नको. जामद्याच्या कालव्याला आवर्तन सुटलं की वरची दारं पूर्ण उघडी राहिल्यावर टेलच्या, म्हणजे शेवटच्या शेतकऱ्याला काय मिळतं? इथेही जवळच्या रेडिएटरची परतीची झडप थोडी आवळली की शेवटच्याला पाणी पोहोचतं. एक खोली गार आहे म्हणून बॉयलर बदलायची गरज क्वचितच असते. मोबाईलवरून चालणाऱ्या महागड्या झडपांचंही तसंच: त्यांची मोटर शेवटी तीच पिन दाबते, आणि पिन अडकली असेल तर तीही काही करू शकत नाही.

आपोआप उष्णता राखणाऱ्या या झडपेचं श्रेय डेन्मार्कच्या मॅड्स क्लॉसन यांना मिळतं, १९४३ सालचं. ते योग्यच आहे. पण बॉनमें या फ्रेंच माणसाचं नाव आपण विसरतो, याची मला खरंच हळहळ वाटते. १७७७ साली त्याने नळ्यांतून गरम पाणी फिरवून खोली उबदार ठेवली, आणि ती माणसांसाठी नव्हे, अंडी उबवण्यासाठी! पिल्लांना थोडाही जास्त ताप चालत नाही. म्हणून त्याने शिसं आणि लोखंड तापल्यावर कमी-जास्त वाढतात याचा उपयोग करून भट्टीत जाणारी हवा आपोआप कमी-जास्त होईल अशी योजना केली. पंप नव्हता. तापलेलं पाणी हलकं होऊन चढायचं, निवलेलं खाली उतरायचं, एवढ्यावर सगळं चालायचं.

चाळीसगावच्या गच्च्यांवरचे सोलर हीटर याच तत्त्वावर चालतात. हा जोर किती नाजूक असतो पाहा. २० अंशांचं पाणी घनमीटरला ९९८ किलो, ६० अंशांचं ९८३. मीटरभर उंचीला या फरकातून मिळणारा दाब म्हणजे जेमतेम दीड सेंटिमीटर पाण्याचा. नळी मध्येच उंचावून पुन्हा खाली आली असेल, तर तिथल्या बुडबुड्यापुढे हा जोर टिकत नाही. पाणीपुरवठा बंद राहून टाकी रिकामी झाली की हवा नळ्यांत शिरते. मग दिवसभर ऊन असूनही सकाळी नळाला गार पाणी. त्यासाठीच सोलरच्या टाकीवर हवेचा उभा पाईप असतो. त्याचं तोंड गार पाण्याच्या टाकीपेक्षा उंच आणि कायम उघडं हवं. त्यातून पाणी ठिबकतं म्हणून काही जण बूच मारतात, आणि मग वाफेने टाकी फुगण्याचा किंवा पाणी उतरताना ती आत दबण्याचा धोका असतो.

बोअरच्या जड पाण्याचा त्रास मात्र आपल्या सोलरलाच अधिक. इंग्लंडातल्या रेडिएटरमध्ये तेच पाणी वर्षानुवर्षं फिरतं, त्यामुळे त्यातले क्षार एकदा बसून संपतात. आपल्याकडे रोज नवं पाणी येतं, तापताना कॅल्शियम कार्बोनेट मागे ठेवतं आणि नळ्या आतून अरुंद करतं. पाणी दरवर्षी थोडं थोडं कमी तापत गेलं, तर सोलरच्या काचेच्या ट्यूब बदलण्याआधी नळ्यांतला हा थर तपासून घ्या.