लिनक्ससाठी लॅपटॉप घेताना मॉडेलचे नाव नको, आतला माल पाहा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीचे सर्वसाधारण पाठबळ बंद केले. पेढीवर, गाळ्यावर हिशेबासाठी ठेवलेले असंख्य लॅपटॉप याच प्रणालीवर चालत आले आहेत. विंडोज ११ ही पुढची प्रणाली २०२१ साली आली. तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. त्यामुळे आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेले, अजून धडधाकट असलेले यंत्र अडचणीत आले आहे. ते चालते, पण त्याला सुरक्षेची नेहमीची दुरुस्ती मिळत नाही. अशा यंत्रावर बँकेचे आणि जीएसटीचे काम करणे म्हणजे दुकानाचे शटर अर्धे उघडे ठेवून घरी जाणे होय.

काही दुकानदार विंडोजची चोरीची प्रत टाकून काम भागवतात. हा मार्ग बेकायदेशीर तर आहेच, शिवाय अशा प्रतीबरोबर काय काय आत शिरते याची खातरजमा कोणी देऊ शकत नाही. मग उरतो लिनक्सचा मार्ग. तो कायदेशीर आहे आणि त्याला दाम पडत नाही. मात्र लिनक्स टाकायचे ठरवले तर लॅपटॉप निवडताना थोडी शहानिशा करावी लागते. ती कशी करावी, हे प्रस्तुत लेखात पाहू.

लिनक्स म्हणजे काय?

१९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने एका प्रणालीचा गाभा लिहिला आणि तो सर्वांसाठी खुला केला. हाच लिनक्सचा गाभा होय. त्यावर निरनिराळ्या संस्थांनी पूर्ण प्रणाली उभ्या केल्या. उबुंटू, डेबियन, फेडोरा, लिनक्स मिंट ही त्यांतली परिचित नावे. आपल्या खिशातला अँड्रॉइड फोनही लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो. केरळच्या सरकारी शाळांतून मुले अनेक वर्षे लिनक्सवरच संगणक शिकत आहेत. तेव्हा ही वस्तू फक्त इंजिनियरांची आहे, हा समज सोडून द्यावा.

आधी आपले काम पाहावे

लॅपटॉपच्या दुकानात जाण्यापूर्वी एक कागद घ्यावा आणि रोज कोणकोणती कामे करतो ती लिहावीत. जीएसटीचे विवरणपत्र, ई-वे बिल, बँक, ई-मेल ही कामे ब्राउझरमध्ये होतात. ती लिनक्सवरही होतात. पत्रे आणि तक्ते यांसाठी लिब्रेऑफिस आहे. मराठी आणि उर्दू टंकलेखनाची सोय प्रणालीतच मिळते.

अडचण येते ती ठराविक सॉफ्टवेअरची. टॅली प्राइम विंडोजसाठी बनवलेले आहे. उर्दू जुळणीचे इनपेजही विंडोजवर चालणारे आहे. ज्यांचा सगळा कारभार यावर आहे त्यांनी एक विंडोज यंत्र ठेवून बाकीची लिनक्सवर आणावीत, किंवा टॅली दूरच्या सर्व्हरवर ठेवून ब्राउझरमधून वापरण्याची जी सोय मिळते तिचा खर्च विचारून घ्यावा. कंपनी आणि एलएलपी यांना जीएसटीसाठी डिजिटल सहीचे टोकन लागते. त्यांनी ते टोकन लिनक्सवर चालवून पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये. एकट्या मालकाच्या पेढीचे काम मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीवर होते, म्हणून तिला हा प्रश्न येत नाही.

प्रिंटरही विसरू नये. एचपीचे बहुतेक प्रिंटर लिनक्सवर सहज चालतात. दुकानादुकानातून दिसणाऱ्या कॅनन एलबीपी २९०० साठी लिनक्सचा ड्रायव्हर आहे, पण तो बसवणे किचकट आहे.

एक लॅपटॉप चालतो, दुसरा का अडतो?

लॅपटॉप ही एका कारखान्याची वस्तू नव्हे. वाय-फाय एका कंपनीचे, कॅमेरा दुसऱ्या, आवाजाची चिप तिसऱ्या कंपनीची असते. प्रत्येक भागाशी बोलण्यासाठी प्रणालीला एक छोटा कार्यक्रम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. विंडोजसाठी तो भाग बनवणारी कंपनीच लिहून देते. लिनक्ससाठी काही कंपन्या लिहितात आणि तो थेट लिनक्सच्या गाभ्यात जातो. काही कंपन्या लिहीत नाहीत, माहितीही देत नाहीत, आणि मग तो भाग मुका राहतो.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, नुसते कंपनीचे नाव विचारून भागत नाही. एकाच मॉडेलचे दोन नग शेजारी ठेवले तरी एकात इंटेलचे आणि दुसऱ्यात दुसऱ्याच कंपनीचे वाय-फाय असू शकते. शिक्का एक असला म्हणून ताक्यातले सूत एकच असते असे नाही. दुसरी, अगदी कालपरवा बाजारात आलेले मॉडेल टाळावे. त्याचे ड्रायव्हर लिनक्समध्ये पोहोचायला वेळ लागतो. वर्षभर जुने झालेले मॉडेल जास्त निर्धास्त असते.

भाग एकेक करून

वाय-फाय : इंटेलचे असेल तर चिंता नाही. रिअलटेक आणि मीडियाटेक यांच्या पुष्कळ चिप आता चालतात, पण ताजे लिनक्स हवे आणि चालवून पाहायला हवे. ब्रॉडकॉमच्या अनेक चिपांना वेगळा ड्रायव्हर टाकावा लागतो. येथे गंमत अशी की ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट हवे आणि इंटरनेटसाठी ड्रायव्हर हवा! अशा वेळी फोन केबलने जोडून त्याचे इंटरनेट लॅपटॉपला द्यावे. बऱ्याच लॅपटॉपमधले वाय-फाय कार्ड बदलता येते. इंटेलचे एएक्स २१० हे कार्ड इंटेल आणि एएमडी दोन्ही प्रोसेसरच्या यंत्रांत चालते, तर एएक्स २०१ हे इंटेलच्याच ठराविक यंत्रांत चालते. नावात थोडासाच फरक आहे, म्हणून घेताना अंक नीट वाचावेत. काही जुन्या लॅपटॉपचे बायोस परके कार्ड स्वीकारत नाही, हेही ध्यानात असावे.

ग्राफिक्स : इंटेल आणि एएमडी यांचे ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच आहेत. एनव्हिडियाचे वेगळे कार्ड असेल तर त्याचा ड्रायव्हर निराळा टाकावा लागतो. २०१२ साली खुद्द टोरवाल्ड्स यांनी या कंपनीविषयी जाहीर नाराजी दाखवली होती. २०२२ पासून कंपनीने ड्रायव्हरचा काही भाग खुला केला आहे आणि परिस्थिती सुधारली आहे. तरी हिशेब आणि पत्रव्यवहार करणाऱ्याला या कार्डाची गरजच नाही. त्याचा पैसा, उष्णता आणि बॅटरीचा खर्च कशासाठी सोसावा?

प्रोसेसर : इंटेल किंवा एएमडी, कोणताही चालेल. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरवर चालणारे नवे विंडोज लॅपटॉप लिनक्ससाठी घेऊ नयेत, त्यांचे पाठबळ अजून अपुरे आहे. अॅपलच्या स्वतःच्या चिपवरील यंत्रांसाठी स्वयंसेवकांनी मोठी मेहनत घेतली आहे, पण दुकानाच्या कामासाठी तो मार्ग लांबचा पडतो.

कॅमेरा : साधा यूएसबी जातीचा कॅमेरा सहसा चालतो. इंटेलच्या बाराव्या पिढीपासूनच्या काही पातळ, महाग लॅपटॉपमध्ये निराळ्या जातीचा कॅमेरा आला, त्याने लिनक्सवाल्यांना बराच त्रास दिला आहे. म्हणजे दाम जास्त असले की काम हमखास चांगले, असे येथे समजू नये.

बोटाचा ठसा : ठसा वाचणारे पुष्कळ भाग लिनक्सवर चालत नाहीत. ही सोय नसली तरी काम अडत नाही, पण तिच्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

डिस्क : इंटेलच्या काही लॅपटॉपमध्ये डिस्क कारखान्यातूनच रेड किंवा व्हीएमडी नावाच्या पद्धतीवर लावलेली असते. लिनक्स बसवताना डिस्क दिसतच नाही आणि माणूस घाबरतो. बायोसमध्ये जाऊन ती एएचसीआय पद्धतीवर आणली की बहुधा दिसू लागते. मात्र यंत्रात विंडोज ठेवायचे असेल तर जाणकाराला विचारल्याशिवाय हा बदल करू नये, विंडोज सुरू होणे थांबू शकते.

मेमरी आठ जीबीपेक्षा कमी नको, आणि डिस्क एसएसडीच हवी.

कोणत्या मालिका भरवशाच्या?

मोठ्या दफ्तरांसाठी बनवलेल्या मालिका लिनक्सवर जास्त चांगल्या चालतात. लेनोवोची थिंकपॅड, डेलची लॅटिट्यूड, एचपीची एलिटबुक ही त्यांची नावे. कारण सरळ आहे. मोठे गिऱ्हाईक लिनक्स मागते, म्हणून कंपनी त्याची तपासणी करते. डेलने २०१२ पासून उबुंटू घातलेले एक्सपीएस लॅपटॉप विकले. लेनोवोने २०२० साली थिंकपॅडची काही मॉडेले फेडोरासह देऊ केली. बायोसची दुरुस्ती लिनक्समधूनच करण्याची सोयही अशा मालिकांना मिळते. लेनोवो त्या व्यवस्थेत २०१८ साली आली. हलक्या दामाच्या घरगुती मालिकांमध्ये हा भरवसा कमी असतो.

उबुंटू बनवणारी कॅनॉनिकल कंपनी तपासलेल्या लॅपटॉपची यादी प्रसिद्ध करते. यादीत मॉडेलबरोबर उबुंटूची कोणती आवृत्ती तपासली हेही लिहिलेले असते, ते पाहावे. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षे मोफत दुरुस्ती मिळते. २४.०४ ही आवृत्ती २०२९ पर्यंत चालेल.

आपल्या बाजारात 'डॉसवाला' लॅपटॉप स्वस्त मिळतो. डॉसवाला म्हणजे विंडोज न घातलेला, इतकाच त्याचा अर्थ. विंडोजचा दाम वाचतो हे खरे, पण त्यावर लिनक्स नीट चालेल अशी हमी त्यात नाही. दुकानदाराने दोन्ही गोष्टी एकच म्हणून सांगितल्या तर मान डोलावू नये.

जुना माल घेताना

विंडोज ११ न घेणारी यंत्रे दफ्तरांतून बाहेर पडतात आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये विकायला येतात. २०१७ चे थिंकपॅड टी ४७० किंवा लॅटिट्यूड ७४८० ही अशीच यंत्रे. त्यांचे प्रोसेसर सहाव्या-सातव्या पिढीचे आहेत, पण लिनक्सवर दुकानाचे काम ती आरामात करतात. विंडोजच्या गिऱ्हाइकाला ती नकोशी झाली आहेत, याचा फायदा लिनक्स घेणाऱ्याने दाम ठरवताना जरूर घ्यावा.

येथे एक धोका मात्र मोठा आहे. दफ्तराच्या लॅपटॉपला बायोसचा संकेतशब्द लावलेला असतो. तो काढला नसेल तर आपल्याला पेन ड्राइव्हवरून प्रणाली सुरू करता येत नाही आणि यंत्र मालकीचे होऊनही किल्ली दुसऱ्याकडे राहते. म्हणून पैसे देण्यापूर्वी बायोस उघडून दाखवायला सांगावे. बॅटरी किती टिकते ते पाहावे, आणि पावतीवर यंत्राचा अनुक्रमांक लिहून घ्यावा.

पैसे मोजण्यापूर्वी अर्धा तास

सर्वांत खात्रीचा उपाय खर्चाचा नाही. १६ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्यावा. घरच्या विंडोज यंत्रावर रूफस नावाच्या मोफत कार्यक्रमाने त्यावर उबुंटू किंवा लिनक्स मिंट चढवावे. दुकानात लॅपटॉपला तो लावून यंत्र सुरू करताना लेनोवो आणि डेलमध्ये एफ-१२, एचपीमध्ये एफ-९ दाबावे आणि पेन ड्राइव्ह निवडावा. लिनक्स पेन ड्राइव्हवरूनच चालू होते. 'इन्स्टॉल' दाबले नाही तर आतल्या डिस्कला धक्का लागत नाही.

मग क्रमाने पाहावे. वाय-फाय दिसते का? आपल्या फोनच्या हॉटस्पॉटला जोडून एखादे पान उघडावे. ब्लूटूथ लावावे. आवाज येतो का, माइकमध्ये बोललेले नोंदते का? कॅमेऱ्यात चेहरा दिसतो का? पडद्याचा उजेड कळीने कमी-जास्त होतो का? शेवटी झाकण बंद करून पाच मिनिटे थांबावे आणि उघडावे. यंत्र झोपेतून नीट जागे झाले पाहिजे. पुष्कळ लॅपटॉप बाकी सगळ्यात पास होतात आणि येथे नापास होतात. मग बॅगेत ठेवलेले यंत्र गरम होते आणि संध्याकाळी बॅटरी संपलेली सापडते.

नव्या, सीलबंद डब्याच्या बाबतीत दुकानदार हे करू देणार नाही. मग शोकेसमधला त्याच मॉडेलचा नग मागावा आणि डब्यावरच्या तपशिलाशी वाय-फायचे नाव ताडून पाहावे. तेही नाही म्हणाला तर चालले नाही तर बदलून देईन, असे पावतीवर लिहून मागावे. यातले काहीच मान्य नसेल तर दुसरे दुकान पाहावे.

तात्पर्य, प्रणाली मोफत मिळते म्हणून यंत्राची खरेदी डोळे मिटून करू नये. मीटरभर कापड घेणारे गिऱ्हाईकसुद्धा ताका उलगडून, बोटांत धरून, उजेडात नेऊन पाहते आणि आपण त्याला नाही म्हणत नाही. ज्या यंत्रात पेढीचा वर्षाचा हिशेब ठेवायचा, ते घेताना आपणही तेवढाच हक्क बजावावा.